वाचकांचे प्रश्न : हरितद्रव्याविना जगणारे जीव

प्रश्न : कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या भूछत्रात हिरवा रंग नसतो आणि ते अंधारातही वाढते. अमरवेलीलाही हिरवी पाने नसतात. मग यांना अन्न कोठून मिळते? सूर्यप्रकाशाशी त्यांचा काहीच संबंध नसतो का?

उत्तर : आपण ज्या दोन जीवांची नावे एकत्र घेतली आहेत, ते दोघेही परपोषी आहेत, म्हणजे दुसऱ्याने तयार केलेल्या अन्नावर जगतात, परंतु ते अन्न मिळवण्याच्या त्यांच्या रीती अगदी वेगळ्या आहेत.

भूछत्र ही वनस्पती नव्हे, ते कवक, म्हणजे बुरशीच्या गटातील जीव आहे. आपल्याला दिसते ती केवळ बीजाणू पसरवणारी छत्री; खरे शरीर ओंडक्याच्या आत, केसाहून कितीतरी बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात पसरलेले असते. प्राणी आधी अन्न गिळतात आणि मग ते पोटात पचवतात. कवक मात्र आपली विकरे, म्हणजे पचन घडवणारी प्रथिने, तंतूंमधून बाहेर लाकडात सोडते, तेथेच सेल्युलोजसारख्या मोठ्या रेणूंचे साध्या शर्करांत विघटन घडवते आणि तयार झालेला द्राव शोषून घेते. पचन शरीराबाहेर होत असल्यामुळेच त्याला तोंडाची किंवा जठराची गरज पडत नाही. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन तर फार थोड्या जीवांना पचते, आणि त्यांत काही कवकांचा क्रमांक सर्वांत वरचा लागतो. हे काम थांबले असते, तर मेलेल्या झाडांतील कार्बन दीर्घकाळ लाकडातच अडकून पडला असता.

मृत पदार्थांवर जगणाऱ्यांना मृतोपजीवी आणि जिवंत यजमानाकडून अन्न घेणाऱ्यांना परजीवी म्हणतात खरे, पण ही सीमारेषा पक्की नाही. आर्मिलारिया हे कवक जिवंत झाडाच्या मुळांत शिरून त्याला मारते आणि नंतर त्याच झाडाच्या मृत लाकडावर जगत राहते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील जंगलात त्याचे एकच जाळे सुमारे 965 हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे.

अमरवेल मात्र खरोखरच सपुष्प वनस्पती आहे. तिचे रोप उगवल्यावर बियांतील तुटपुंज्या साठ्यावर काही दिवसच तग धरते. तेवढ्यात यजमान सापडला नाही तर ते मरते. सापडला की ती त्याच्या खोडाला वेढे घालते, चूषक मुळे आत रोवते आणि जलवाहिन्यांतून पाणी व क्षार, तर रसवाहिन्यांतून तयार शर्करा घेते. जमिनीशी तिचे नाते त्यानंतर तुटते. बांडगुळाला याच माळेत बसवणे योग्य नाही, कारण त्याची पाने हिरवी असतात. ते यजमानाकडून मुख्यतः पाणी व क्षार घेते आणि आपली शर्करा बहुतांशी स्वतः बनवते.

आता सूर्यप्रकाशाविषयी. ओंडक्यातील सेल्युलोज आणि यजमानाच्या रसातील शर्करा ही दोन्ही प्रकाशसंश्लेषणातूनच आलेली असल्यामुळे, भूछत्र आणि अमरवेल सूर्याचीच ऊर्जा दुसऱ्याच्या हातून घेत असतात. खरा अपवाद 1977 मध्ये गॅलापागोस बेटांजवळच्या खोल समुद्रतळावर, उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती सापडला. तेथील मोठ्या नळीकृमींना तोंडही नसते आणि अन्ननलिकाही नसते. त्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर जगतो. अर्थात, त्यासाठी लागणारा पाण्यातील ऑक्सिजन मात्र वरच्या उजेडातील प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.