व्हायब्रोतून जॉब काळे का निघतात?

हिंगणा एमआयडीसीतून: अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट व्हायब्रोतून (हादऱ्याने सुटे भाग, म्हणजे जॉब, घासून साफ करणाऱ्या मशीनमधून) काळपट निघतात, बोटांनाही काळं लागतं. मशीन तासभर जास्त चालवलं तर आणखीच काळे झाले.

होणारच. हे काळं म्हणजे जॉब आणि मशीनमधल्या घासणाऱ्या दगडांची (मीडियाची) झिजलेली बारीक भुकटी. ती पाण्यासोबत बाहेर गेली नाही, तर जॉबवरच घासली जाते. म्हणून वेळ वाढवण्याआधी पाणी बघा. एकदा पाणी भरून मशीन चालवायचं नसतं; एकीकडून कंपाउंडचं (घासताना घालायच्या धुण्याच्या रसायनाचं) पाणी सतत यायला हवं आणि दुसरीकडून गढूळ पाणी सतत जायला हवं. निचऱ्याची जाळी तुंबलेली असते, हे फार ठिकाणी कोणी बघतच नाही. मे महिन्यात आपल्या नागपूरकडे पारा ४५ अंशांकडे जातो, पाणी लवकर आटतं, तेव्हा पाण्याची धार आणखी जपा.

दुसरं कारण कंपाउंड. स्टीलसाठीचं तीव्र अल्कधर्मी कंपाउंड अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि काळं करतं. पीएच पट्टीने तपासा. उदासीनच्या, म्हणजे ७ च्या जवळ असावं. स्टीलच्या जॉबसाठी वापरलेले दगड अ‍ॅल्युमिनियमला वापरू नका, त्यात लोखंडाचे कण रुतलेले असतात. या मऊ धातूला प्लॅस्टिक मीडिया चांगला. शेवटची काही मिनिटं फक्त स्वच्छ पाणी सोडा. आणि कंपाउंड जास्त घातलं की फेस होतो, त्या फेसात दगडांची घासच मरते.

बुटीबोरीहून: पितळी जॉबच्या कडांना ठोके पडतात.

जॉब एकमेकांवर आपटत आहेत. घाई असली की एका लॉटमध्ये जास्त जॉब कोंबले जातात आणि नुकसान तिथेच होतं. आकारमानाने एक भाग जॉबला तीन भाग दगड, हे साध्या कामाचं प्रमाण. नाजूक पितळेला पाच-सहा भाग ठेवा. आधी दगड फिरू द्या, मग जॉब थोडे थोडे सोडा. तरीही ठोके पडले तर मोटरवरची वजनं कमी करून हादरा घटवा. जड जॉब असतील तर मशीनच्या भांड्यात कप्पे करा.

कळमेश्वरहून: पावसाळ्यात स्टीलच्या पिना रात्रीत गंजतात.

शेवटच्या धुण्यात गंजरोधक घाला आणि लगेच मक्याच्या बुरकुंडांच्या गरम भुशात वाळवा. ओल्या मशीनमध्ये जॉब ठेवून जेवायला जाऊ नका.

दगड जॉबच्या भोकात अडकतात.

झिजलेले दगड चाळून काढत जा. नवे घेताना भोकापेक्षा स्पष्ट मोठे किंवा भोकाच्या एक-तृतीयांशाहून लहान घ्या.

खाली साचणारा गाळ कुठे टाकायचा?

नाल्यात नाही. पाणी टाकीत निवळू द्या आणि गाळ प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातल्या अटींप्रमाणेच द्या. अ‍ॅल्युमिनियमचा ओला गाळ मात्र झाकण घट्ट लावलेल्या ड्रममध्ये कधीही ठेवू नका. बारीक अ‍ॅल्युमिनियम आणि पाण्यापासून हायड्रोजन सुटतो, ड्रममध्ये दाब वाढतो आणि एक ठिणगीही पुरते. झाकण सैल ठेवा, ड्रम मोकळ्या हवेत ठेवा आणि जवळ वेल्डिंग होऊ देऊ नका.