चित्र जमत नाही म्हणणाऱ्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा हात चित्रकलेत कच्चा आहे आणि म्हणून ड्रेस डिझायनिंग सोडावे का, असे तू विचारले आहेस. सोडू नकोस. पॅरिसच्या नामवंत ड्रेस डिझायनर मादलेन व्हिओने कागदावर चित्र काढून पोशाख रचत नसत. १८७६ साली फ्रान्समधील एका खेड्यात जन्मलेल्या या बाई जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या असताना शिवणकामाला लागल्या आणि लंडन व पॅरिसमध्ये बरीच वर्षे इतरांकडे काम करून १९१२ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली. सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी बाहुलीवर त्या कापड टाचून, वळवून, पुन्हा सोडवून बघत आणि मनासारखे पडले की मगच ते पूर्ण मापात बेतत.

आपले शिंपी गळ्याला आणि मुंढ्याला जी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावतात, ती तुला ठाऊक आहे. तिरके कापलेले कापड ताणले जाते, अंगाबरोबर वळते, हे शिवणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होते. व्हिओनेबाईंनी मात्र सबंध पोशाखच उरेब बेतला, त्यामुळे आत कॉर्सेटचा, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ अंतर्वस्त्राचा, सांगाडा नसतानाही तो अंगावर नीट बसू लागला. यासाठी नेहमीचा पन्हा पुरत नसल्याने त्या सुमारे दोन मीटर पन्ह्याचे क्रेप कापड मुद्दाम विणून घेत. तू एक मीटर मलमल घे, तिचा चौकोन काप, आधी काठाने धर आणि मग एका कोपऱ्याने धरून लोंबू दे. मी वर्गात जे तासभर बोलले असते, ते तुला क्षणात दिसेल.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्याकडे शिवणाऱ्या बायकांना पगारी रजा होती, कामाच्या जागीच डॉक्टर आणि जेवणाची सोय होती, आणि ही सोय करणारी बाई स्वतः लहानपणी सुई धरून बसलेली होती. उद्या तुझ्या हाताखाली चार जणी बसतील, तेव्हा त्यांच्या पाठीला टेकू आहे ना, हे आधी बघ.

नक्कल होऊ नये म्हणून त्या प्रत्येक पोशाखाचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवत, लेबलावर अंगठ्याचा ठसा उमटवत. १९३९ मध्ये त्यांनी पेढी बंद केली, पण ते फोटो आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहेत.

पुढच्या पत्रासोबत चित्रे पाठवू नकोस. बाहुलीवर टाचलेल्या मलमलीचे तसेच तिन्ही बाजूंनी काढलेले फोटो पाठव.

तुझी,
बाई