जेलवर उपचार कोण करतो?

प्रश्न असा आहे: कापले तरी पुन्हा जुळणाऱ्या ‘सेल्फ-हीलिंग हायड्रोजेल’ला (हायड्रोजेल म्हणजे लांब रेणूसाखळ्यांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ) मराठीत ‘स्वयं-उपचारक जलजेल’ म्हणावे का, आणि त्याच्या ‘मेकॅनिकल स्ट्रेंग्थ’ला ‘यांत्रिक शक्ती’?

दोन्ही नकोत. ‘स्वयं-उपचारक’ हल्ली वारंवार कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. उप + चर्, म्हणजे जवळ जाणे, सेवेला जाणे. षोडशोपचार देव स्वतःचे करत नाही, पूजा करणारा करतो. उपचाराला दुसरा कोणीतरी लागतोच. जेलचे तसे नाही. तुटलेल्या कडा टेकवून ठेवल्या की त्या सांधतात, हाड सांधते तशा. चरकाने ‘संधानीय’ औषधांचा वेगळा गणच सांगितला आहे. तेव्हा लिहिताना ‘स्वसंधानी’, बोलताना ‘आपोआप सांधणारे जेल’.

पण या विषयातला माझा सर्वांत लाडका शब्द आहे टाकणखार. मुले खेळतात ते स्लाइम म्हणजे साधे स्वसंधानी जेलच: पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांब साखळ्या पाण्यात, आणि त्यांना जोडणारा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. हे बंध सतत सुटतात, सतत जुळतात. आणि सोनार शतकानुशतके हाच टाकणखार कशाला वापरतो? दागिना झाळायला, म्हणजे सांधायलाच! संस्कृत ‘टंकण’, त्यावरून मलयमार्गे इंग्रजीत ‘टिंकल’.

काही जण हा शब्द ‘टंक’ म्हणजे नाणे किंवा छिन्नी यावरून लावतात. मला ते अजिबात पटत नाही. खाराचा छिन्नीशी संबंध काय? टाकणखार तिबेट-लडाखकडच्या सरोवरांतून आणि झऱ्यांतून येई. महाभारताच्या सभापर्वात उत्तरेकडचे तंगण आणि परतंगण लोक युधिष्ठिराला मुंग्यांनी उकरलेले सोने आणून देतात. सोने आणि ते सांधणारा खार एकाच डोंगरवाटेने खाली येत असणार, आणि आणणाऱ्यांचेच नाव खाराला चिकटले असणार. हे माझे मत आहे, पण छिन्नीपेक्षा शंभर पटींनी सयुक्तिक.

राहिली ‘यांत्रिक शक्ती’. ती इंजिनाची. जेलची असते ती बळकटी. पेच असा की सहज सुटणारे बंध सहज सांधतात, पण म्हणूनच स्लाइम हातातून ओघळते. पक्के बंध तुटले की तुटलेच. २००३ साली होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांच्या गटाने एकात एक गुंतलेली दोन जाळी वापरली: ठिसूळ जाळे आधी तुटून ताण पिते, लवचीक जाळे धरून ठेवते. पण तुटलेले तुटलेलेच राही. २०१२ साली हार्वर्डमध्ये तुटणाऱ्या जाळ्यासाठी अल्जिनेट (समुद्रशैवालातून मिळणाऱ्या साखळ्या) आणि त्यांना जोडणारे कॅल्शियम घेतले. सुमारे ९० टक्के पाणी असलेले ते जेल २० पटींहून अधिक ताणले गेले, आणि ताण काढल्यावर कॅल्शियमचे सुटलेले बंध काही अंशी पुन्हा सांधले. सांधले, उपचारले नाहीत.