पुरळ फिकट, तरी गोवरच?

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. चार वर्षांच्या नातीला गोवर झाला, तिची लस राहून गेली होती. पंधरा दिवसांनी सात महिन्यांच्या नातवाला फिकट पुरळ आलं, ताप जेमतेम. शेजारीण म्हणते, माता (म्हणजे गोवर) येऊन गेली, आता लस नको. माता आली म्हणून घरात फोडणीही बंद आहे. – एक आजी

उत्तर : आजी, आधी फोडणी सुरू करा. नातीला पोटभर जेवू द्या.

नातवाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, थोडी उरलेली असतात, म्हणून गोवर असा दबून येऊ शकतो. पण नुसतं पुरळ बघून मीही छातीठोक सांगणार नाही. नातीच्या गालाच्या आत, दाढांसमोर, लाल जागेवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले असते. ते पुरळाआधी येतात आणि लवकर जातात. बाळाची खात्री रक्ततपासणीनेच होते.

म्हणून लस द्यायचीच. गोवर होऊन गेला असला तरी तिचा अपाय नाही, शिवाय त्याच टोचणीत रुबेला या पुरळाच्या दुसऱ्या आजाराची लसही आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली, १६ ते २४ महिन्यांत दुसरी. नातीच्या राहिलेल्या लसीचंही डॉक्टरांना विचारा.

शेजारणीला लसीची भीती वाटत असेल, तर ती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत १९६३ ते १९६७ मध्ये मृत विषाणूंची लस होती; ती घेतलेल्यांना पुढे विचित्र गोवर व्हायचा, पुरळ हातापायांकडून सुरू होई, न्यूमोनिया होई. ती कधीच बंद झाली. आपली लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची.

गोवरात देतात ते ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस डॉक्टरांकडूनच घ्या. बाळाचा श्वास जलद वाटला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.