रेट पडलेत म्हणून घोडबंदरला फ्लॅट घेऊ का?

अगं, तुझा मेसेज वाचला. कासारवडवलीत रेट उतरलेत, ब्रोकर रोज फोन करतोय, आत्ता नाही घेतलंस तर परत वर जातील म्हणतोय. जाऊ देत. तू आधी हे बघ की रेट अजून उतरले तर तुला झेपेल का.

समज ८० लाखांचा फ्लॅट. बँक देणार ६४, तुझे १६. भाव अजून १० टक्के पडला की ८ लाख गेले, आणि ते बँकेचे नाही जात गं, तुझ्या १६ मधले जातात, म्हणजे अर्धे. आठदहा वर्षं तिथंच राहायचं असेल तर एवढं काही नाही, पण दोन वर्षांत पुण्याला बदली झाली आणि विकावं लागलं तर हे नुकसान खरं होतं, म्हणून नोकरीचं आधी मला नीट सांग.

शिवाय १६ मध्ये भागत नाही. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर १ टक्का सूट, तरी ४ लाख ८० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि बँक हे लोनमध्ये धरत नाही. बिल्डरने भाव पाडला आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाचा, आकडा त्याहून जास्त निघाला तर ड्युटी रेडी रेकनरवरच लागते. हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना साडेपंचावन्न हजार. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील तर थांब.

मला खरी काळजी अंडर कन्स्ट्रक्शनची वाटते. बुकिंग थंडावलं की बिल्डरकडे पैसा येत नाही, काम रखडतं, आणि तू इकडे भाडंही भरतेस आणि बँकेचं व्याजही, असं दोन्हीकडून पिळून निघालेली माणसं मी बघितलीत. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर जाऊन पझेशनची तारीख किती पुढे ढकललीय ते बघ. त्यापेक्षा ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, आलेलं रेडी घर बघ, जीएसटीचे ५ टक्केही वाचतात. आणि घोडबंदरला सोसायटीत टँकर किती येतात, मेंटेनन्स किती पडतो हे वॉचमनला आणि सेक्रेटरीला, दोघांनाही विचार.

टोकन इतक्यात देऊ नकोस. मार्केट थंड आहे तर भाव करायला वेळ आहे तुझ्याकडे, रिसेलवाला विकायच्या घाईत असेल तर बिनधास्त कमी सांग, पार्किंग त्यातच माग. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला की मला पाठव, आपण बसून वाचू.