बीडीएसनंतर पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री घ्यावी का? त्यात दंतवैद्य नेमकं करतो काय?

तुम्ही लिहिलंय की बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहात, या शाखेत एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करावीशी वाटते, पण सीनियर म्हणतात, ‘त्यात हातात काम राहत नाही.’ मी हीच शाखा घेतली. यात एकेका रुग्णाऐवजी अख्ख्या वस्तीच्या दातांचं आरोग्य बघायचं असतं. माझं उत्तर आहे, घ्या.

इंटर्नशिपच्या वर्षातले तीन महिने कम्युनिटी डेंटिस्ट्रीचे, म्हणजे याच शाखेचे असतात. बरेच जण ते शिबिरात नावं लिहिण्यात काढतात. माझं मन तिथेच ठरलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही दात तपासत होतो. एकाच वस्तीतल्या मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. शाळेतले सर म्हणाले, “नीट घासत नाहीत.” पण तो मळ नव्हता, फ्लोरोसिस होता. कायमचे दात जबड्यात घडत असतात त्या वयात, साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरणच बिघडतं. कितीही घासा, जात नाही. त्या वस्तीचं सगळं पाणी एका बोअरवेलचं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. त्याहून बरंच जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. दातावरचा डाग त्याच्या कितीतरी आधी दिसतो, आणि तो ओळखणारा माणूस दंतवैद्यच असतो. क्लिनिकमध्ये बसून मी एका मुलीचे डाग झाकू शकते. पाण्याचा स्रोत बदलला तर तिच्या धाकट्या भावंडांना डाग पडतच नाहीत. हे हातातलं काम नाही, असं मला कुणी सांगू नये.

एमडीएसची तीन वर्षं याचसाठी लागतात: सर्वेक्षण कसं आखायचं, नमुना किती घ्यायचा, दोन तपासणाऱ्यांचं निदान जुळतं का हे कसं पडताळायचं, जिल्हा परिषदेत आकडे कसे मांडायचे. बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे या संख्याशास्त्राचा, कंटाळा करू नका.

दुसरं मोठं काम तंबाखू-सुपारीचं. 2016-17च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातला जवळपास दर चौथा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होता. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण आमच्या विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून हातात मिळतो. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होत जाते. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. विशीतल्या पोराच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत तेव्हा दाढ बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलावं लागतं, कारण पुढे यातूनच कॅन्सर होऊ शकतो. मशेरीचं, म्हणजे दातांना घासायच्या भाजलेल्या तंबाखूचं, वेगळंच. दात दुखतात म्हणून सुरू होते आणि आईकडून लेकीकडे जाते. तिथे भाषण चालत नाही, आशाताईला बरोबर घेऊन ओट्यावर बसावं लागतं. आधी दुखणारी दाढ बघायची, मशेरीचा विषय नंतर.

नोकरीचं स्पष्ट सांगते. बहुतेक जण दंत महाविद्यालयात शिकवतात, सरकारी पदं कमी आहेत, आणि खाजगी प्रॅक्टिसइतका पैसा नाही. घरी कर्ज असेल तर हा हिशेब आधी करा. ‘नीट एमडीएस’ या प्रवेश परीक्षेत ही जागा तुलनेनं कमी गुणांवर मिळते, म्हणून ‘मिळाली, घेतली’ असं मात्र करू नका. इंटर्नशिपचे ते तीन महिने मन लावून करा, एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र जवळून बघा, आणि मग पसंतीक्रम भरा.