शॉकअपची खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते का?

प्रश्न : डबलसीट असलो की खड्ड्यात गाडी मागून धाडकन आपटते आणि रात्री हेडलाइट झाडांवर पडतो. म्हणून मागचे दोन्ही शॉकअप पाचव्या खाचेवर कडक केले. आता एकटा असताना चाक उसळतं. खाच कुठली ठेवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खाचेने स्प्रिंग कडक होत नाही, गॅरेजवाले काहीही म्हणोत. खाच वाढवली की वाढतो तो प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब. त्याने बदलते ती उंची, म्हणजे वजन पडल्यावर गाडी किती बसते ते. पाचव्या खाचेवर एकटे असता तेव्हा शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेला राहतो. खळगा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नसते, ते रस्ता सोडतं.

मोजून ठरवा. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पक्क्या खुणेपर्यंत अंतर घ्या. समजा ५९० मिलिमीटर आलं. मग स्टँड काढून हेल्मेटसकट बसा, पाय फूटरेस्टवर. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. ५५५ आलं तर गाडी ३५ मिलिमीटर बसली. चाकाची वर-खाली हालचाल एकूण ११० असेल तर हे योग्य, साधारण एक तृतीयांश. जास्त बसली तर खाच वाढवा, कमी बसली तर उतरवा. डबलसीट मोजून तीही खाच लिहून ठेवा.

दोन्ही बाजूंना खाच एकच हवी. फिरवण्याआधी चिखल ब्रशने काढा, नाहीतर सी पाना (खाच फिरवायचा आकडीसारखा पाना) सटकतो आणि बोटं सोलवटतात.

पाचव्या खाचेवरही दोघांचं वजन पेलत नसेल तर स्प्रिंगच मऊ आहे, ती बदलावी लागेल. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल किंवा दांड्यावर तेल दिसत असेल, तर शॉकअपचं डॅम्पिंग, म्हणजे डोलणं शमवण्याची क्षमता, गेलं. तिथे प्रीलोड वाढवून काही साधत नाही.

प्रश्न : एअर सस्पेन्शनची (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगवर उभी राहणारी) जुनी एसयूव्ही घेतली. सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला असतो, चालू केल्यावर वर येतो. चालेल का?

उत्तर : नाही. हवा गळतेय, आणि ती भरता भरता हवा भरणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, जळेल. गाडी सर्वांत उंच करा, म्हणजे रबराच्या घड्या उलगडून चिरा उघड्या पडतात. त्या कोपऱ्याच्या एअर स्प्रिंगवर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतील. कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच तर रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच, तोही बदला. चिकटलेला रिले नवा कॉम्प्रेसरही थांबू देत नाही. चाक काढायचं असेल तर आधी जॅक मोड (गाडीने आपोआप उंची बदलू नये म्हणून असलेली सेटिंग) चालू करा, आणि पक्के स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.